जोर वेगळा, पकड वेगळी
(प्रस्तावना)

ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घेतलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा : ‘चारही चाकं ओढतात, आता घाटाची आणि बर्फाची चिंता सोड.’ दुसरा असा : ‘बर्फात किंवा चिखलात शिरलास की आधी ते ईएससीचं बटण बंद कर, नाहीतर गाडी जागची हलणार नाही.’ सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण पहिला सल्ला मुळातच चुकीचा आहे. दुसरा फार थोड्या जागी आणि फार थोड्या वेळेपुरता खरा आहे, आणि तो सरसकट पाळला तर पहिल्याहून अधिक घातक ठरतो. ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, कधी चालू ठेवायची, कधी बंद करायची आणि बंद केल्यावर पुन्हा केव्हा चालू करायची, एवढ्या एकाच प्रश्नासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. एका बटणासाठी अख्खी पुस्तिका कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. ते बटण नेमकं काय चालू-बंद करतं हे समजलं की ही शंका उरणार नाही.

आज हा प्रश्न मराठी घरांत येऊन पोचला आहे. थार, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी, फॉर्च्युनर, ग्रँड व्हिटारा, कंपास अशा गाड्यांच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्त्या पुण्या-नाशकातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दिसतात. त्यांचे मालक पावसाळ्यात आंबोली, ताम्हिणी, वरंध गाठतात आणि हिवाळ्यात कुटुंबाला घेऊन थेट मनालीपर्यंत गाडी हाकतात. पूर्वी रोहतांग खिंड, उंची ३,९७८ मीटर, हिवाळ्यात बर्फानं बंद व्हायची आणि तिच्या पलीकडच्या लाहौलचा रस्ता मैदानी चालकासाठी तिथेच संपायचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीहून लाहौलमधलं सिस्सू हा थोड्या वेळाचा प्रवास झाला. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात रस्ता दाबल्या गेलेल्या बर्फाचा असतो, आणि सावलीतल्या वळणांवर दिवसा वितळून रात्री गोठलेल्या पाण्याचा. ज्यानं आयुष्यभर डांबरावर आणि फार तर लाल मातीवर गाडी चालवली, तो चालक दोन-तीन दिवसांत तिथे पोचतो. जोरदार हिमवृष्टी झाली की प्रशासन अनेकदा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतं. त्यामुळे फोर बाय फोरवाल्याला वाटतं, आपण पास झालो. खरं तर त्याला परवानगी मिळालेली असते ती चढ चढण्याच्या क्षमतेची. उतरणं अजून बाकी असतं.

या पुस्तिकेचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. ऑल व्हील ड्राइव्ह इंजिनाचा जोर चार चाकांत वाटतं. रस्त्यावरची पकड ते वाढवत नाही. पकड टायरच्या रबराची आणि त्याच्या खालच्या पृष्ठभागाची असते. चारही टायर मिळून रस्त्याला किती धरू शकतात ही मर्यादा त्या क्षणी ठरलेली असते आणि वेग घेणं, थांबणं, वळणं ही तिन्ही कामं त्याच मर्यादेत भागवावी लागतात. ऑल व्हील ड्राइव्हमुळे यातलं पहिलं काम सोपं होतं. दुसऱ्या कामात प्रत्येक गाडीला चार चाकांचे ब्रेक असतातच, तेव्हा तिथे वेगळा लाभ नाही. तिसऱ्यात काही प्रसंगी थोडी मदत होते, काही प्रसंगी उलटंही होतं.

आकड्यांत पाहू. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी कोरड्या चांगल्या डांबरावर पूर्ण ब्रेक लागल्यापासून साधारण १८ मीटरमध्ये थांबते. चाकांनी दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ७० मीटरच्या आसपास लागतात आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावर १४० मीटरपर्यंत. चालकाला भान यायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. वळणाचं गणितही असंच आहे. ५० मीटर त्रिज्येचं वळण कोरड्या रस्त्यावर ताशी ७० पर्यंत सांभाळता येतं; दाबलेल्या बर्फावर ही मर्यादा ३५ वर येते आणि गोठलेल्या थरावर २५ वर. या आकड्यांत गाडी किती चाकांनी ओढते याला कुठेही जागा नाही, कारण भौतिकशास्त्राच्या त्या समीकरणातच ती जागा नाही.

हे भान पहिल्या अभियंत्यांना होतं. आपल्याकडे शेतात ज्यांचं नाव ट्रॅक्टरवर वाचलं जातं त्या हॅरी फर्ग्युसन यांनी अखेरच्या वर्षांत रस्त्यावरच्या गाड्यांना चारही चाकांचा जोर देण्याचा ध्यास घेतला होता. त्यांच्या निधनानंतर, १९६६ मध्ये, त्यांच्या संशोधन संस्थेच्या तंत्रावर इंग्लंडमध्ये जेन्सन एफएफ ही गाडी आली. चारही चाकं ओढणारी ही मोटार फक्त ३२० च्या आसपास बनली, पण तिच्यात एक गोष्ट लक्षणीय होती : विमानांसाठी तयार झालेली डनलॉपची मॅक्सरेट ही चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा तिला मुळातच बसवलेली होती. जोराची सोय केली म्हणून थांबण्याची सोय आपोआप होत नाही, ती वेगळी करावी लागते, हे त्या रचनेतच मान्य केलेलं होतं. पुढे १९७२ मध्ये सुबारूनं आणि १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीनं क्वाट्रो आणून ऑल व्हील ड्राइव्ह लोकप्रिय केलं. तेव्हा मात्र चढाईच्या आणि शर्यतीच्या कौतुकात हा दुसरा भाग झाकला गेला.

तो भाग ईएससीनं पुन्हा पुढे आणला. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी. कंपनीगणिक नाव ईएसपी, व्हीएससी, व्हीडीसी असं बदलतं. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ मध्ये ते प्रथम एस-क्लासच्या कूपेमध्ये बाजारात आणलं. बॉशमध्ये या कामाचं नेतृत्व अँटन व्हॅन झँटन यांनी केलं. त्याची मांडणी समजायला सोपी आहे. स्टेअरिंगचा सेन्सर सांगतो की चालकाला कुठे जायचं आहे. प्रत्येक चाकाचा सेन्सर त्या चाकाचा वेग सांगतो. गाडीच्या मध्याजवळचे सेन्सर मोजतात की गाडी स्वतःभोवती किती फिरते आहे आणि बाजूला किती ढकलली जाते आहे. चालकाचा इरादा आणि गाडीची प्रत्यक्ष हालचाल यांची तुलना दर सेकंदाला अनेक वेळा होत राहते. दोन्हींत फरक पडला की यंत्रणा इंजिनाचा जोर कमी करते आणि एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. गाडीचं तोंड वळणाबाहेर निघालं तर मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. नावाडी एका बाजूचं वल्हं पाण्यात रोखून धरतो तेव्हा होडी त्या बाजूला वळते, तसंच हे. कितीही निष्णात चालक असला तरी त्याच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच असतं. चारपैकी एक चाक निवडून रोखणं माणसाला शक्यच नाही.

लोकांचं लक्ष या यंत्रणेकडे गेलं ते दोन घटनांमुळे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका वाहन मासिकाच्या चाचणीत, अचानक समोर आलेला अडथळा चुकवताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. कंपनीनं गाड्यांचं वितरण थांबवलं, सस्पेन्शन सुधारलं आणि ईएसपी सर्व ए-क्लास गाड्यांना द्यायला सुरुवात केली. महागड्या गाड्यांपुरती असलेली ही यंत्रणा त्यामुळे सामान्य गाडीत उतरली. दुसरी घटना आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. ऑडीची टीटी १९९८ मध्ये आली. ती क्वाट्रोमध्येही मिळायची. जर्मनीत भरधाव वेगात वळणं घेताना किंवा लेन बदलताना तिचे प्राणघातक अपघात झाले. त्यानंतर ऑडीनं गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं, मागे स्पॉइलर बसवला आणि ईएसपीची जोड दिली. वेगात असताना चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. त्या क्षणी चारही चाकांना जोर द्यायची सोय असून उपयोग नसतो, कारण जोर दिलाच जात नसतो.

पुढे कायदे आले. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेल वर्षापासून सर्व हलक्या वाहनांना आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या गाड्यांना ईएससी सक्तीचं झालं. अमेरिकी नियम २००७ मध्ये ठरला तेव्हा तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा अंदाज असा होता की, एकच वाहन गुंतलेले अपघात ईएससीमुळे साध्या मोटारींत ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हींमध्ये ५९ टक्क्यांनी कमी होतात. या दोन आकड्यांतला फरक आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावा. एसयूव्ही उंच असते, तिचा गुरुत्वमध्य वर असतो, ती घसरली की उलटण्याचा धोका जास्त. आपल्याकडे चारही चाकं ओढणाऱ्या बहुतेक गाड्या एसयूव्हीच आहेत. म्हणजे ज्यांना वाटतं की आपल्याला ईएससीची गरज कमी, त्यांनाच त्याचा लाभ सर्वांत जास्त. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या सुरक्षा-मूल्यांकनात तीन किंवा त्याहून जास्त तारे मिळवायचे असतील तर गाडीत ईएससी असावं लागतं, हे योग्य दिशेचं पाऊल आहे.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ईएससीची गरज वाढते, याचं आणखी खोल कारण आहे. पुढची दोनच चाकं ओढणारी गाडी निसरड्या रस्त्यावर निघतानाच चालकाला इशारा देते : चाक फिरतं, स्टेअरिंग थरथरतं, गाडी अडखळते. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी त्याच रस्त्यावरून गुमान निघते आणि सहज ५० चा वेग घेते. रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतं ते पहिल्या वळणावर किंवा पहिल्या ब्रेकला. गंमत म्हणजे, गाडीच्या संगणकापुढेही हीच अडचण असते. दोन चाकं ओढणाऱ्या गाडीत उरलेली दोन मोकळी फिरत असतात आणि त्यांच्यावरून गाडीचा खरा वेग काढता येतो. चारही चाकं ओढत असतील तर चारही एकदम घसरू शकतात. म्हणून अशा गाड्यांत गाडीचा पुढे-मागे होणारा प्रवेग मोजणारा सेन्सर हाताशी ठेवतात. अभियंत्यांनी संगणकाची ही अडचण ओळखून सोडवली. चालकानंही आपली ओळखायला हवी. त्यासाठी साधा उपाय आहे. बर्फाच्या रस्त्यावर शिरताच, मागे कोणी नाही हे पाहून, सरळ आणि सपाट जागी, ताशी २० च्या आत ब्रेक जरा ठाम दाबून पाहावा. एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची, थरथर लगेच जाणवली तर पकड किती थोडी आहे ते समजतं.

आता मूळ प्रश्न. ईएससी चालू कुठे ठेवायचं? उत्तर : गाडी रस्त्यावर आहे आणि चालती आहे, तोवर सर्वत्र. पावसातला घाट, पहिल्या सरीनंतर तेलकट झालेलं डांबर, डोंगरावरून वाहून आलेली लाल माती, एक्स्प्रेस वेवर साचलेलं पाणी, दाबलेला बर्फ, गोठलेला थर, खडीचा रस्ता. उतारावर तर विशेषच. उतारावर चारही चाकांतून मिळणारं इंजिन ब्रेकिंग उपयोगी असतं, ही ऑल व्हील ड्राइव्हची खरी जमेची बाजू. पण शेपूट फिरू लागली की ती आवरणारं ईएससीच. उतारावर वेग आवरून धरणारं हिल डिसेंट कंट्रोल जिथे असतं तिथे तेही याच ब्रेक यंत्रणेवर चालतं.

बंद कुठे करायचं? जिथे चाकाला थोडं फिरू देणं हाच पुढे सरकण्याचा मार्ग आहे, तिथे. खोल भुसभुशीत बर्फात, जाड वाळूत किंवा खोल चिखलात गाडी रुतली की ईएससीच्या जोडीला असलेलं ट्रॅक्शन कंट्रोल आपलं काम चोख करतं : चाक फिरलं, जोर कमी कर. नेमकं तेच तिथे आड येतं. टायरच्या खाचांत अडकलेला चिखल फेकला जायला आणि खालचा घट्ट थर सापडायला चाकानं थोडं फिरावं लागतं. वाळूत गती तुटली की गाडी बसते. रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढतानाही इंजिनाचा जोर हुकमी हवा असतो. चाकांना चेन लावलेल्या असतानाही हेच करावं, असं अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. या सगळ्या प्रसंगांत वेग चालण्याच्या जवळपास असावा आणि पडून इजा होईल अशी दरी शेजारी नसावी. या दोन अटी पाळल्या जात नसतील तर बटणाला हात लावू नये. आणि बंद केलं तरी पाय हलकाच हवा. जोरात रेस केली तर चाकं खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. वाळूत बटणापेक्षा टायरमधली हवा कमी करण्यानं जास्त फरक पडतो. किनाऱ्यावर हौसेखातर गाडी घालण्याचं समर्थन मात्र या पुस्तिकेत कुठेही नाही. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात.

इथे एक बारकावा आहे आणि पुस्तिकेचं तिसरं प्रकरण पूर्ण त्यासाठी दिलं आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की जोर त्या मोकळ्या चाकाकडे वाहून जातो. डिफ लॉक नसलेल्या अनेक गाड्यांत मोकळ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवला जातो. हे काम करते तीच हायड्रॉलिक यंत्रणा, जी ईएससी चालवते. काही गाड्यांत बटण दाबल्यावर फक्त इंजिनाचा जोर कमी होणं थांबतं आणि ही ब्रेकची मदत चालू राहते; काहींत दोन्ही जातात. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत कर्णरेषेतली दोन चाकं उचलली गेली असताना बटण बंद केलं, तर सुटकेचा मार्गच बंद होतो. म्हणून आधी स्नो, मड, सँड असा मोड असेल तर तो वापरावा. त्यात कंपनीनं किती घसरू द्यायचं हे पृष्ठभागाप्रमाणे ठरवलेलं असतं. लो रेंजमध्ये अनेक गाड्या ईएससी आपणहून बाजूला ठेवतात. मोडनं भागलं नाही तरच बटणाकडे वळावं.

बटणाची भाषाही गाडीगणिक बदलते. अनेकदा थोडा वेळ दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं आणि काही सेकंद दाबून धरलं की स्टॅबिलिटी कंट्रोलही. काही गाड्या विशिष्ट वेगाच्या वर ते स्वतः पुन्हा चालू करतात, काही करत नाहीत. डॅशबोर्डवरचा घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकला तर यंत्रणा या क्षणी गाडी सावरते आहे, आणि चालकानं वेग कमी करायला हवा. तो स्थिर पेटून राहिला तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडलेली आहे. अमेरिकी नियमानं एक गोष्ट सक्तीची केली : लो रेंजसारखे अपवाद सोडले तर गाडी नव्यानं सुरू केली की ईएससी चालू अवस्थेतच यायला हवं. माणूस बंद करायला विसरत नाही, पुन्हा चालू करायला विसरतो, हे नियम करणाऱ्यांनी ओळखलं होतं. चालकानंही स्वतःला तीच शिस्त लावावी : गाडी निघाली, घट्ट जमीन लागली, की पहिलं काम बटण.

ईएससीची मर्यादाही इथेच सांगायला हवी. ते असलेली पकड नीट वापरतं. नसलेली पकड निर्माण करत नाही. गुळगुळीत झालेल्या टायरना ते वाचवू शकत नाही. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असणं दुप्पट महत्त्वाचं आहे : फरक असला तर चाकांचे वेग जुळत नाहीत, ड्राइव्हच्या जोडणीवर ताण येतो आणि सेन्सरचा हिशेबही बिघडतो. गोठलेल्या थरावर ५० च्या वेगानं वळण घेणाऱ्याला कुठलीही यंत्रणा रस्त्यावर ठेवू शकत नाही.

पुढची प्रकरणं याच क्रमानं येतात : पकड आणि वेग, ईएससीचं काम, ब्रेकनं जोर वळवण्याचं तंत्र, सह्याद्रीचा पावसाळा, हिमालयातला हिवाळा, रुतलेली गाडी आणि शेवटी देखभाल. वाचायला बसण्याआधी मात्र एक काम करा. आपल्या गाडीचं मॅन्युअल काढा आणि चार उत्तरं लिहून ठेवा. बटण थोडा वेळ दाबल्यावर काय बंद होतं आणि दाबून धरल्यावर काय? बंद केल्यावर ब्रेकनं जोर वळवणारी मदत राहते की जाते? किती वेगाला ईएससी आपोआप परत येतं, की येतच नाही? आणि कोणत्या मोडमध्ये किंवा लो रेंजमध्ये ते न विचारता बंद होतं? ही उत्तरं प्रत्येक मॉडेलची वेगळी असल्यानं ती कुठलंच पुस्तक तुमच्यासाठी लिहू शकत नाही. ती हाताशी असतील, तर पुढच्या प्रत्येक प्रसंगात बटण दाबायचं की नाही हे तुम्हाला गाडी रुतण्याआधीच ठाऊक असेल.